आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याची काळजी

(पुण्यात तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. दादीला विसरण्याचा आजार, अब्बांना पक्षाघात, एखाद्या भावाला मानसिक आजार. भेटायला येणारे नातेवाईक त्यांचीच तब्येत विचारतात. औषध देणाऱ्या, रात्री तीनदा उठणाऱ्या भाभीला किंवा आपाला कुणी विचारत नाही, तू झोपलीस का?

भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेताना दिसल्या, पुरुष 21.4 टक्के. त्यातही बायका दिवसाला सुमारे 140 मिनिटं देतात, पुरुष 74. यात मुलांचं संगोपनही आलं. आपल्या मोहल्ल्यात वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. खिदमत सवाबाचं काम आहे, हे आपण ऐकत आलोय. मग तो सवाब घरातल्या पुरुषांना नको आहे का?

पुण्यात या प्रश्नावर काम झालेलं आहे. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांसाठीही काम करते. 2004 साली आलेला ‘देवराई’ हा मराठी चित्रपट आजारी भावाइतकाच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा आहे. जरूर पाहा. मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी गट आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि शुभंकर एकत्र येतात. काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हा शब्द मला फार आवडतो. कोविडमध्ये या मंडळाच्या सभा ऑनलाइन झाल्या.

ऑनलाइनचा फायदा कुणाला? जिला पेशंटला सोडून उंबरा ओलांडता येत नाही, तिला. कोंढव्याहून रिक्षा करून सभेला जायचं तर मागे पेशंटजवळ बसायला कुणीतरी हवं, आणि ते नसतं म्हणूनच तर ती थकलेली असते. शिवाय खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुआ येतात, नुस्खे येतात. ‘मला आज त्यांचा राग आला’ असं तिथे लिहिता येत नाही. तेच वाक्य दुसऱ्या शुभंकराला सांगितलं तर तो म्हणतो, मलाही येतो. एवढ्यानंही ओझं हलकं होतं.

पण फोन कुणाचा? अनेक घरांत तो भावाचा किंवा नवऱ्याचा असतो, रिचार्जही तोच करतो. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई शेजारी पडलेल्या असताना सून त्यांच्याबद्दल काय बोलणार? हेडफोन लावला तरी तिचा आवाज ऐकू जातोच. म्हणून लिंक पाठवून आपलं काम संपत नाही. आठवड्यातून दोन तास फोन तिच्या हातात, दार बंद, आणि त्या वेळात पेशंटजवळ तुम्ही. मुलग्यांनो, कूस बदलायला आणि डायपर बदलायला शिका. लाज वाटायचं कारण नाही, नर्स दहा मिनिटांत शिकवते.

गटात कुणाचा फोटो किंवा रिपोर्ट परवानगीशिवाय टाकू नका. औषधं गटाच्या सल्ल्यानं बदलू नका, ते डॉक्टरांचं काम. आणि घरात कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर गटाच्या पुढच्या सभेची वाट पाहू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. साधा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही.

नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून घ्या. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी नंतर थांबा, कुणाच्या आपाला किंवा अम्मीला कोणती वेळ सोयीची आहे ते लिहून घेऊ.