पहिलं मूल उचलायचं कोणी?

(दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये झालेल्या आपल्या बैठकीतील भाषण)



गरोदर बाईने जड उचलू नये, हे आपल्याला आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे सांगतात. पण दोन वर्षांचं पहिलं मूल हात वर करून ‘आई, घे’ म्हणालं, तर ते ‘जड’ मध्ये मोडतं का, हे कुणी सांगत नाही. मला सातवा महिना आहे आणि घरी सव्वादोन वर्षांचा मुलगा आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली गरोदर नोकरदार स्त्रियांसाठी मर्यादा सुचवल्या. क्वचितच उचलायचं असेल आणि वजन अंगाशी धरलेलं असेल, तर पहिल्या २० आठवड्यांत सुमारे १६ किलो, नंतर सुमारे १२. वारंवार उचलायचं असेल तर याहून कमी. जमिनीवरून उचलणं तर टाळायलाच सांगितलंय. आता जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते बघा. दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन १२.२ किलो, मुलीचं ११.५. म्हणजे मर्यादा घरातच उभी आहे, शिवाय ती हातपाय झाडते.

ही मर्यादा निरोगी गरोदरपणाची. रक्तस्राव, वार खाली असणं, मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असं काही असेल, तर डॉक्टर सांगतील तेच खरं. आणि एखाद्या वेळी उचललं गेलं म्हणून रात्रभर जागायचंही कारण नाही.

मी काय करते? उभ्याने घेत नाही, सोफ्यावर बसते आणि त्याला चढू देते. बेसिनपाशी पायरीचं स्टूल ठेवलंय. कठड्याची खाट काढून गादी खाली घातली. मुलाला कडेवरची उंची नको असते, आई जवळ हवी असते. ती बसूनही देता येते. पहिले चार दिवस तो रडला, मग त्यानेच ‘आई, बस’ म्हणायला सुरुवात केली.

पण बाथटबमधून काढणं, कारच्या सीटवर बसवणं, भर दुकानात जमिनीवर लोळण घेतली तर आवरणं, यांना युक्ती नाही. तिथे दुसरे हातच लागतात. आपल्या या भागात गोदामं आहेत. तिथे जड खोक्याला ट्रॉली मिळते, जोडीला माणूस मिळतो. घरात मात्र ‘जपून हं’ एवढंच मिळतं.

हे ओझं एकट्या बाईचं नाही, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई कायदेमंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मांडलं की, प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्यात, प्रसूतीआधीच्या ठरावीक काळात गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, अशी तरतूद आली. पण हे सगळं मालकाला लागू. घरातलं उचलणं कुठल्याच कायद्यात ‘काम’ नाही.

इथे अमिरातीत खाजगी नोकरीत २०२२ पासून आईला ६० दिवस रजा आहे, ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या. बापाला पाच दिवस. तीही बाळ जन्मल्यावर. पहिल्या मुलाला उचलायची गरज मात्र त्याआधीच महिनोन् महिने असते.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, बाई ठेवा. जरूर ठेवा. पण ती स्वतःचं मूल गावी ठेवून आलेली असू शकते, तिलाही पाठ असते, आणि तीही कधी गरोदर असू शकते. एका बाईच्या कमरेवरचं ओझं दुसरीच्या कमरेवर ठेवून आपण पुरोगामी होत नाही.

म्हणून पुरुष मित्रांना माझं सांगणं: ‘मदत करतो’ म्हणू नका, कामं वाटून घ्या. आंघोळ, गाडीत बसवणं, रात्री उठून झोपवणं ही तीन कामं सातव्या महिन्यात नव्हे, बातमी कळल्या दिवसापासून तुमची. मुलाला सवय व्हायला वेळ लागतो.

शेवटी एक ठराव मांडते. पुढच्या बैठकीपासून मुलांची खोली पुरुष सदस्यांनी पाळीपाळीने सांभाळावी. आज तिथे तीन बायका बसल्या आहेत, म्हणून हे भाषण त्यांना ऐकता आलेलं नाही.