शुद्धतेचा कायदा आणि जागृत ग्राहक

मराठी घरात दूध हे बाळाचे पोषण आणि देवाचा नैवेद्य. त्यातील भेसळ हा म्हणूनच केवळ व्यापारी अपराध नव्हे, तो विश्वासघात ठरतो.

१९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली; ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची नियमावली अमलात आली. पनीरच्या शुष्क भागात किमान ५० टक्के दुग्धस्निग्धांश हवा, हा सर्वसाधारण दंडक. वनस्पती तेल वापरून केलेल्या पर्यायी पदार्थाला मनाई नाही; मात्र ‘पनीर’ या नावाने तो विकणे ही फसवणूक आहे. वेष्टनावर खरे नाव वाचता येते. सुट्या तुकड्यावर ते कोठून दिसणार?

प्रत्येक दुकानी निरीक्षक पोहोचणे अशक्य. हे ओळखूनच कायद्याच्या ४०व्या कलमाने सामान्य ग्राहकालाही अधिकार दिला आहे. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास कल्पना देऊन आणि शुल्क भरून ग्राहक अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. पदार्थ सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते.

शासनाचा दंड आवश्यकच. परंतु ग्राहक झोपलेला असेल, तर कायदा कागदावरच राहतो. शुद्धतेची राखण प्रत्येक घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हावी.