पडद्यावरच्या वहिनी आणि पडद्यामागच्या बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विदुषी बोलावयास येतात. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, घरच्याच एकीने उभे राहावे आणि एखाद्या कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यावी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फार मोठा विषय मला पेलणार नाही. म्हणून जिचा चेहरा आपणा सर्वांच्या घरी ठाऊक आहे, अशा एका बाईंविषयी मी बोलणार आहे. त्यांचे नाव रेणुका शहाणे.

माझ्या वयाच्या भगिनींना ‘सुरभि’ आठवत असेल. १९९० नंतरची ती वर्षे. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी होता. रविवारी दूरदर्शनवर ‘सुरभि’ लागली की त्या ओसरीवर बसावयास जागा मिळत नसे. सिद्धार्थ काक आणि रेणुकाबाई देशातल्या कला, सण, देवळे, कारागीर यांची माहिती हसतमुखाने सांगत. मग एक प्रश्न विचारीत आणि उत्तर पोस्टकार्डावर मागवीत. त्या कार्डांची पोतीच्या पोती भरत. शेवटी टपालखात्याला अशा स्पर्धांसाठी वेगळे, जास्त किमतीचे कार्ड काढावे लागले. आमच्या चुलत्यांनीही म्हसवडहून दोन कार्डे धाडली होती. बक्षीस लागले नाही, पण पुढचे दोन रविवार सारे घर आपले नाव ऐकावयास कान टवकारून बसले होते.

रेणुकाबाईंचा जन्म १९६६ सालचा, मुंबईचा. वडील नौदलात. आई शांता गोखले, मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या नामवंत लेखिका. रेणुकाबाईंनी १९८९ साली दूरदर्शनच्या ‘सर्कस’ मालिकेत काम केले. पुढे ‘सैलाब’, ‘कोरा कागज’ अशा मालिका झाल्या. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्या साऱ्या देशाच्या वहिनी झाल्या. लग्नघरात आपण अजून त्या वहिनीचे नाव काढतो.

आता भगिनींनो, एकदा का बाई ‘गुणाची वहिनी’ ठरली, की लोक तिला दुसरे काही होऊ देत नाहीत. हे सिनेमातच घडते असे नाही. आपल्या घरीही जी सून सोशिक म्हणून नावाजली, तिने एक दिवस आवाज चढवला तर सारे दचकतात. रेणुकाबाईंनी त्या वहिनीच्या नावावर जन्म काढला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांचे लग्न झाले, दोन मुलगे झाले, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, २००९ साली, त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला मराठी चित्रपट आला. त्याचे नाव ‘रीटा’.

गोष्ट कोणाची घेतली? आपल्या आईची. शांताबाईंची ‘रीटा वेलिणकर’ नावाची कादंबरी आहे, तिच्यावरून हा चित्रपट केला. रीटा ही घरातली थोरली लेक. आईवडिलांना संसार झेपत नाही, म्हणून ही नोकरी करून धाकट्या बहिणींना वाढवते. कचेरीतल्या विवाहित साहेबावर तिचा जीव जडतो. तिथेही वाट पाहण्यापलीकडे हाती काही येत नाही. एक दिवस मनावरचा भार असह्य होऊन ती इस्पितळात जाते. पल्लवी जोशी यांनी रीटाचे काम केले आहे, आणि तिला धीर देणाऱ्या मैत्रिणीचे, सरस्वतीचे, काम स्वतः रेणुकाबाईंनी. मुख्य नायिका न होता सोबतीण झाल्या, हे मला फार आवडले.

पुढचा त्यांचा मोठा चित्रपट यावयास बारा वर्षे लागली. चित्रपटाला आधी पैसा लागतो. ज्यात मारामारी नाही आणि नायकही नाही, अशा बायकांच्या गोष्टीवर पैसा लावणारा लवकर भेटत नाही. २०२१च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या सुमारास, ‘त्रिभंग’ नेटफ्लिक्सवर आला. आमच्या लेकीने तो मला मोबाइलवर लावून दिला. तन्वी आझमी लेखिका आई, काजोल तिची लेक, मिथिला पालकर नात. लेखन करू देत नाहीत म्हणून आई मुलांना घेऊन सासर सोडते. मोठी लेखिका होते. पण तिच्या पुढच्या नवऱ्याकडून लेकीला जो त्रास होतो, तो तिच्या ध्यानात येत नाही. लेक आईशी बोलणे टाकते. आणि नात? ती या साऱ्याला कंटाळून डोक्यावर पदर घेणाऱ्या भरल्या घरात सून म्हणून जाते, कारण तिला आपल्या लेकराला चारचौघांसारखे घर द्यावयाचे असते.

काही भगिनी म्हणतील, ‘घर सोडणाऱ्या बाया आणि विवाहित माणसाच्या मागे लागलेली पोर, यांचे कौतुक मंडळात कशाला?’ प्रश्न योग्य आहे. पण रेणुकाबाई कोणाला घर सोडा म्हणत नाहीत. घरासाठी राबली तर बाईला काय किंमत पडते आणि घर सोडले तर काय पडते, हे दोन्ही हिशेब त्या मांडतात. वाण्याची वही पाहिली म्हणजे उधारी वाढत नाही, उलट सावध होता येते.

‘त्रिभंग’मधली एक गोष्ट मात्र माझ्या काळजाला लागली. आई आपली जीवनकथा एका तरुणाकडे बोलून ठेवीत असते. अकस्मात आजारी पडून ती बेशुद्ध होते. आईची बाजू लेकीला कळते ती त्या परक्या मुलाकडून. लेक ऐकावयास तयार होते तेव्हा आईची वाचा गेलेली असते.

मीही थोरली लेक. मागे चार भावंडे. सातवीनंतर माझे दप्तर खुंटीवर गेले ते गेलेच. अनेक वर्षे मला वाटे, आईला माझ्या शाळेचे काही नव्हते. हा चित्रपट पाहिल्यावर दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिला विचारले. ती म्हणाली, “शाळंची घंटा झाली की रोज जीव तुटायचा गं. पन धाकट्यास्नी कुनाजवळ ठिवून रानात जाऊ?” मग तिने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याचे सांगितले. तेव्हा ती माझ्या त्या दप्तराच्या वयाचीच होती. हाताचे घट्टे दाखवले. माझी शाळा काही परत आली नाही, आणि ते दुःख मी आजही विसरलेले नाही. पण आता त्या दुःखात आम्ही दोघी आहोत.

आपल्याला लिहिता येत नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्याच म्हसवडच्या बायकांनी बँक काढावयाची म्हटले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली होती. चेतना सिन्हा यांच्या सोबतीने त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे ‘माणदेशी तरंग’ रेडिओवर आपल्याच बायका बोलू लागल्या.

रेणुकाबाईही थांबलेल्या नाहीत. २०२५ साली त्यांची चित्रांच्या हालचालींतून सांगितलेली ‘लूप लाइन’ ही छोटी मराठी फिल्म आली. ती मला अजून पाहावयास मिळालेली नाही, पण वाचले आहे. घरच्या जाचात अडकलेली मुंबईची एक मध्यमवयीन गृहिणी मनातल्या मनात उंच भराऱ्या घेते, अशी ती गोष्ट आहे. आपल्यापैकी किती जणी भाकरी थापता थापता कुठे कुठे जाऊन येतात, ते मी सांगावयास नको.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण एक जाड वही करावी. दर महिन्याच्या सभेला एकीने आपल्या आईची किंवा सासूची हकिकत विचारून आणावी. जिला लिहिता येते तिने लिहावे, जिला येत नाही तिने मोबाइलवर बोलून घ्यावे. पहिले पान माझ्या आईचे, ते मी लिहून आणले आहे आणि अध्यक्षबाईंच्या हाती देत आहे. दुसरे पान कोण आणणार, ते आजच ठरावे.