नागरी उद्यानातील नैसर्गिक क्षेत्र : कैकोंड्रहळ्ळी तळ्याचा अनुभव
(व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हा त्यांपैकी आठवा, तर उद्याने व क्रीडांगणे हा बारावा. कागदावर ही विभागणी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही विषय जमिनीच्या एकाच तुकड्यावर समोरासमोर येतात. उद्यान म्हणजे हिरवळ, फरसबंदी आणि कारंजे. नैसर्गिक क्षेत्र म्हणजे वाढलेले गवत, चिखल आणि कच्ची पायवाट. अनेकांना ते काम अपुरे राहिल्याचे लक्षण वाटते.

पूर्व बंगळुरूतील महादेवपुरा परिसर २००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत समाविष्ट झाला. येथील तळी सिंचनासाठी बांधलेली असून एकाचे पाणी दुसऱ्यात उतरते. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीबरोबर शेती मागे हटली आणि तळ्यांकडे सांडपाणी वळले. याच भागातील बेळ्ळंदूर तळ्यावर २०१५ पासून फेस आणि आगी दिसल्या, हे सर्वश्रुत आहे.

सर्जापूर रस्त्यालगतच्या सुमारे ४८ एकरांच्या कैकोंड्रहळ्ळी तळ्याची वाटचाल निराळी झाली. २००९ च्या सुमारास महानगरपालिका आणि रहिवासी यांनी मिळून त्याचे पुनरुज्जीवन हाती घेतले. काठाने पायवाट झाली, पक्ष्यांसाठी बेटे राखली गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गुरांसाठी गवत कापून नेणाऱ्यांना मज्जाव झाला नाही.

या निर्णयामागील अर्थशास्त्र विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पायवाटेवर एकाने फेरी मारल्याने दुसऱ्याची फेरी कमी होत नाही. गर्दी होईपर्यंत ती सार्वजनिक वस्तूसारखी असते. गवत मात्र एकाने नेले की दुसऱ्याला उरत नाही. ते सामाईक संसाधन आहे. दोहोंना एकच नियम लावणे चुकीचे ठरते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचा ऱ्हास अटळ मानला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात वापरकर्ते स्वतः नियम घडवून संसाधन टिकवू शकतात, हे दाखवले. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हरिणी नागेंद्र यांच्यासह त्यांनी बंगळुरूच्या तळ्यांचाही अभ्यास केला.

तळे सुधारले की भोवतालच्या घरांच्या किमती वाढतात व तो लाभ खरेदीखतात दिसतो. चारा बंद झाल्यास होणारी हानी कोणत्याही दस्तात उमटत नाही, कारण त्या चाऱ्याला बाजारभावच नव्हता. शिवाय कापणारा गवत नेतो तेव्हा पालिकेची तेवढी मजुरी वाचते. अंदाजपत्रकात याचीही नोंद नसते.

रहिवाशांच्या समितीला पायवाट सांभाळता येते, वरच्या अंगाने येणारे सांडपाणी अडवता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. पाणी मात्र उतार पाहून वाहते, हद्द पाहून नव्हे. फाटकाच्या वेळेचा प्रश्न त्या मानाने क्षुल्लक भासतो. तरीही ते फक्त सकाळ-संध्याकाळ उघडे राहिले, तर फिरणाऱ्यांची सोय होते आणि दुपारी विळा घेऊन येणारी बाई बाहेर राहते.