दंतोपचाराची भीती आणि गुंगीचे उपाय

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राचीन मंदिरांच्या या गावी मी दातांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु माझा विषय खरे तर भीतीचा आहे, आणि तिचा मला स्वतःला अनुभव आहे. एक किडलेली दाढ मी दोन वर्षे लवंगेच्या तेलावर सांभाळली. गाल सुजला तेव्हा दवाखान्याची पायरी चढलो. बधिर करण्याचे इंजेक्शन दिल्यावर दाढ दहा मिनिटांत निघाली.

माझे सुजेवर निभावले. पण तंबाखू वा मिश्रीमुळे तोंडात चट्टा किंवा जखम झालेला मनुष्यही याच भीतीपोटी घरी बसतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखविलीच पाहिजे. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते.

या भीतीवर उपाय आहेत. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हसविणारा वायू, हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. तोच वायू आज प्राणवायूत मिसळून नाकावरील मास्कमधून देतात. रुग्ण जागा राहतो, बोलतो, मन मात्र शांत होते. शेवटी नुसता प्राणवायू दिला की काही मिनिटांत अंमल उतरतो. बधिर करण्याचे इंजेक्शन मात्र तरीही घ्यावे लागते.

दुसरा उपाय गोळीचा. तिची गुंगी कित्येक तास टिकते. म्हणून त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, एस.टी.नेही एकट्याने परतू नये. घरचे माणूस सोबत हवेच. गोळी दंतवैद्यांनी ठरवावी, शेजाऱ्याने नव्हे. धीर यावा म्हणून दारू पिऊन येणारे महाभाग आहेत! दारू आणि गुंगीचे औषध एकत्र आल्यास श्वास मंदावतो आणि प्राणावर बेतते.

शिरेतून दिलेली गुंगी व पूर्ण भूल यांसाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि सुसज्ज जागा लागते. पूर्ण भूल तर रुग्णालयातच, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, उपाशीपोटी द्यावयाची असते. होकार देण्यापूर्वी विचारावे: माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार? प्राणवायूची सोय आहे काय? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. दमा, हृदयविकार, गरोदरपण, चालू औषधे, यांतील काहीही लपवू नये.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. कोणती सोय कोठे मिळेल, याची चौकशी जाण्यापूर्वी करावी. पुष्कळांना औषधाची गरजही पडत नाही. “मला भीती वाटते” असे आरंभीच सांगावे आणि हात वर करताच काम थांबवावे, असे दंतवैद्यांशी ठरवून घ्यावे. एवढ्यानेही बरेच साधते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. “दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील,” असा धाक मुलांना वर्गात घालू नये. माझी भीती अशाच एका वाक्यापासून सुरू झाली होती.