प्रतिध्वनीचे तीन नॉब

डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, की ती परत येते. कडा ५० मीटरवर असेल, तर साधारण ३०० मिलिसेकंदांनी. गिटार वाजवताना हाच कडा मी पायाशी ठेवतो, एका छोट्या पेटीत. तिचे नाव अ‍ॅनालॉग डिले.

१९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी एक मंडल शोधून काढले. आग विझवताना माणसे रांगेने उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. तसाच यात आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकतो. म्हणून नाव पडले 'बकेट ब्रिगेड'. रांगेचे टोक गाठायला लागणारा उशीर, तोच आपला प्रतिध्वनी.

पेटीवर बहुधा तीन नॉब असतात. पहिला वेळेचा. बादल्या भराभर सरकल्या की उशीर कमी, सावकाश सरकल्या की जास्त. सूर चालू असताना हा नॉब फिरवला, तर रांगेतला सूर चढतो किंवा उतरतो. दुसरा पुनरावृत्तीचा. बाहेर पडलेला आवाज किती प्रमाणात पुन्हा रांगेत पाठवायचा, ते हा ठरवतो. प्रत्येक फेरीत तीव्र सूर थोडे गाळले जातात, म्हणून प्रतिध्वनी मऊ होत विरतो. तिसरा मिश्रणाचा. मूळ सुराच्या जोडीला प्रतिध्वनी किती ऐकू यावा, ते याच्या हाती.

मी आधी दुसरा नॉब शून्यावर आणतो. एकच प्रतिध्वनी ऐकत वेळ लयीला जुळवतो. मिनिटाला १०० ठोक्यांची लय असेल, तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, अर्धा ३०० चा. अर्ध्यावर वेळ लावली, की प्रतिध्वनी तालात पडतो. मग पुनरावृत्ती हळूहळू वाढवायची. ती हद्दीबाहेर गेली, तर तार थांबली तरी आवाज वाढतच जातो आणि त्याची गर्जना होते. अशा वेळी तोच नॉब चटकन मागे घ्यावा.

कार्यक्रमात मात्र खरी कसोटी असते ती गाण्याच्या शब्दांची. गायक ओळ म्हणत असताना मी मिश्रण कमी ठेवतो. दोन ओळींच्या मधल्या जागेत ते थोडे वाढवतो. गीत ऐकायला आलेल्या माणसाला आधी शब्द कळले पाहिजेत, प्रतिध्वनी त्यानंतर.