शुश्रूषा करणाऱ्या हातांचे रक्षण



धार व देवास ही आपल्या मराठी मंडळींची पवारांच्या काळापासूनची वस्ती. देवासला तर थोरली व धाकटी अशा दोन्ही पाती एकाच गावात नांदल्या. आज आपली मुलेमुली परिचारिका, डॉक्टर व प्रयोगशाळा-सहायक होऊ लागली आहेत. हे भूषणावह खरेच. परंतु त्यांच्या आईबापांस आम्हांस एकच विचारावयाचे आहे. मुलाच्या हाती सुई येण्यापूर्वी त्याने कावीळ ‘ब’ची लस घेतली आहे काय?

कावीळ म्हटली की आपणांस दूषित पाणी आणि पथ्यपाणी एवढेच आठवते. ही कावीळ निराळी. ती रक्तावाटे जडते. रोगी वरून धडधाकट दिसतो. पण त्याच्या रक्ताची सुई लस न घेतलेल्याच्या बोटात रुतली, तर शंभरात तीसपर्यंत जणांस बाधा होऊ शकते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो. म्हणून वॉर्ड झाडणाऱ्या बाईलाही डॉक्टराप्रमाणेच धोका आहे. रोग अंगात मुरला तर पुढे यकृत निकामी होऊ शकते, कर्करोगही होऊ शकतो. २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने साथ उद्भवली व अनेकांचे प्राण गेले.

उपाय मात्र हाताशी आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली व ती सामान्यांच्या आवाक्यात आली. बालकांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून मिळू लागली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांस ती मिळालेलीच नाही. आजचे आपले बहुतेक विद्यार्थी त्याच पिढीतले.

मात्रा तीन : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. दोन घेऊन तिसरी विसरणारे पुष्कळ. पण संरक्षण टिकाऊ होते ते तिसरीने. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून शक्ती आली की नाही, हे पाहावे. सुई लागलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी आणि लाज न बाळगता त्याच दिवशी वरिष्ठांस सांगावे.

सुट्टीत मुले घरी आली म्हणजे आपण गुण विचारता. त्याबरोबर तिसरी मात्रा झाली काय, हेही विचारावे. दुसऱ्यांची सेवा करणारे हात आधी आपण सांभाळू या.